ताई, तो गुरुवारीच का येत नाही हे फक्त तुम्ही विचारलंत

ताई,

हे तुम्हाला व्हॉट्सअपवरच पाठवणार होते, पण लिहिता लिहिता लांबत गेलं आणि मग वाटलं सगळ्यांना दिसेल असंच टाकावं, कारण आमच्या बीड जिल्ह्यातल्या केज-धारूरकडं आमच्यासारखी घरं काय एक-दोन नाहीत आणि तुम्ही काय केलंत ते त्यांनाही कळायला पाहिजे. तुमचं नाव मुद्दाम टाकत नाही, तुम्हाला ते चालायचं नाही हे माहितीय. वयानं तुम्ही माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी लहानच असाल, पण शाळेतली सगळी पोरं ताई म्हणतात म्हणून मीपण ताईच म्हणते.

शाळेत तुम्ही ज्याला सांभाळलंत त्याची मी मोठी बहीण. एएनएम म्हणजे नर्सिंगचा कोर्स करून पुण्यात एका दवाखान्यात नोकरीला आहे. आई-बाबा ऊसतोडीला जातात, माझ्या जन्माच्या आधीपासून. दसरा झाला की मुकादमाची, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराची, गाडी दारात येते, उचल म्हणजे आगाऊ पैसे आधीच घेतलेले असतात त्यामुळं जायचं की नाही हा प्रश्नच नसतो, मग सांगली-कोल्हापूर नाहीतर बेळगावकडं, आणि पाडव्याच्या आसपास परत. मधले पाचेक महिने घरात आजी आणि भाऊ, दोघंच.

लहान होता तोवर निभावलं. आठवीपर्यंत शाळेत दुपारची खिचडी असते, पुस्तकं फुकट मिळतात, हंगामी वसतिगृह चालू असलं तर रात्रीचं जेवण पण व्हायचं. नववीत पाय ठेवला की हे सगळं एकदम बंद. मला हे कधीच पटलेलं नाही. पोराचा आवाज फुटतो, मिसरूड फुटतं, डोक्यात नाही नाही ते विचार येतात, आणि नेमकं त्याच वर्षी आई-बाप पण लांब आणि शाळेतलं ताट पण नाही.

2023 च्या हंगामात तो नववीत होता. दिवाळी झाल्यावर मला शाळेतून फोन आला की तुमचा भाऊ सारखा दांड्या मारतो, वर्गात झोपतो, काही विचारलं तर उलटं बोलतो, याचं घरी बघणारं कोण आहे. मी ड्युटीवरून आले होते, तशीच त्याला फोन लावून लई बोलले. म्हणलं आई-बाप तिकडं कोयता चालवतेत आणि तू इथं झोपा काढतो, लाज वाटत नाही का. तो एक शब्द बोलला नाही. फोन ठेवला आणि पुढचे दहा दिवस माझा फोनच उचलला नाही. हे आत्ता लिहितानाही पोटात कालवाकालव होते.

तुम्ही त्याच वर्षी एका संस्थेकडून पोरांसोबत काम करायला शाळेत यायला लागला होतात, मंगळवारी आणि शुक्रवारी. भाऊ सांगतो, पहिले दोन आठवडे तुम्ही काही शिकवलंच नाही, मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीजवळ कॅरम मांडून बसायचात, ज्याला यायचं त्यानं यावं. त्याला वाटलं होतं आता मोबाईल वाईट, तंबाखू वाईट असं भाषण होणार. ते काही झालंच नाही. पण एक केलंत, सरांकडून हजेरी मागून घेतली. बाकी सगळ्यांनी तो किती दिवस आला नाही ते मोजलं होतं, कोणत्या वारी आला नाही ते कोणी बघितलंच नव्हतं. सगळे गुरुवार. गुरुवारी बाजार असतो.

पहाटे चारला उठून तो बाजारात भाजीची पोती उतरवायला जायचा ताई, पंधरा वर्षांचं पोरगं. आजीच्या बीपीच्या गोळ्या आणि नववीची पुस्तकं त्या पैशातनं आणायचा. आम्हाला का सांगितलं नाही तर म्हणे, सांगितलं असतं तर बाबांनी मुकादमाकडून अजून उचल घेतली असती आणि ती फेडायला पुढच्या वर्षी पण जावं लागलं असतं. मी त्याला फोनवर आळशी म्हणलं होतं.

त्यानं मला नंतर सांगितलं की तुम्ही त्याला पहिल्यांदा बाजूला घेतलं तेव्हा दांडी का मारली हे विचारलंच नाही. काल रात्री काय जेवलास, एवढंच विचारलंत. तो म्हणला बिस्कीट. आणि मग रडला. मला नाही आठवत तो आमच्यासमोर कधी रडलेला.

आणि ते रात्रीचं. मला त्यातलं काहीच माहिती नव्हतं. उसाची ट्रॉली उलटल्याचे व्हिडिओ लोक स्टेटसला टाकतात ना, ते बघून त्याच्या मनात बसलं होतं की एक दिवस फोन येणार. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बाबांचं लास्ट सीन बघत बसायचा, छातीत धडधडायचं, हातपाय गार पडायचे, पहाटे कुठंतरी डोळा लागायचा आणि मग वर्गात झोप. तुम्ही त्याला घाबरू नको, असं काही होत नाही, असं म्हणला नाहीत. होतं हे त्यालाही माहिती होतं आणि तुम्हालाही. त्याऐवजी तुम्ही बाबांशी बोलून ठरवून दिलंत की खेप खाली करून कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीवर, आले की झोपायच्या आधी एक मिस कॉल द्यायचा, बोलायची ताकद नसली तरी चालेल. फुकटचा मिस कॉल. तो आला की हा झोपायचा.

तरी पण धडधड पूर्ण थांबली नाही तेव्हा तुम्ही मला फोन केलात, की उपजिल्हा रुग्णालयात किशोरवयीन मुलांसाठी मैत्री क्लिनिक असतं, तिथं दाखवू या, आजीला सोबत घेते. आणि मी काय म्हणले आठवतंय का? म्हणले आमच्या घरात कोणी वेडं नाहीये. मी, जी रोज दवाखान्यात काम करते. तुम्ही चिडला नाहीत. म्हणालात, पोट दुखलं तर डॉक्टरकडं नेलंच असतं ना. तिथल्या मॅडमनी त्याच्याशी तासभर बोलून श्वासाचा व्यायाम शिकवला, झोपेचं सांगितलं, परत परत बोलावलं, गोळीची गरज लागली नाही. टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठी असलेल्या सरकारी फोनसेवेचा, 14416 नंबर तुम्ही त्याच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून दिला होता, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. त्यानं दोनदा रात्री तिथं फोन केला होता हे मला वर्षभरानं कळलं. तो नंबर 2022 पासून आहे आणि मी स्वतः दवाखान्यात असून कधी कोणाला सांगितला नव्हता. आता सांगते.

अजून एक गोष्ट मला फार मोठी वाटते. तुम्ही त्याला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं की तू बोलशील ते माझ्याजवळ राहील, पण तुझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर मी गप्प बसणार नाही, आणि कोणाला सांगणार ते आधी तुला सांगेन. आमच्याकडं पोरांना असं कोण सांगतं? एकतर सगळं गावभर होतं नाहीतर कोणी ऐकूनच घेत नाही. त्या एका वाक्यावर त्यानं तुमच्यावर विश्वास टाकला, तो स्वतः म्हणतो.

मग तुम्ही बघितलंत की नववी-दहावीत अशी अजून पोरं-पोरी आहेत, मोजून अकरा, ज्यांचे आई-बाप फडात, म्हणजे ऊसतोडीला, आहेत. हेडमास्तरांकडं तीनदा जाऊन एक खोली संध्याकाळी मागून घेतलीत, किल्ली शिपाई मामांकडं. अभ्यासिका म्हणायची, पण खरं म्हणजे तिथं सगळे आपापला डबा आणून एकत्र जेवायचे. ज्याच्याकडं डबा नाही त्याला कोणी विचारायचं नाही, मधे ठेवायचं आणि खायचं. भाऊ तिथंच भाकरी थापायला शिकला, एका पोरीनं शिकवली. रविवारी तुमच्या फोनवरून आळीपाळीनं सगळ्यांचे आई-बापांना फोन. ज्या पोरीचं जानेवारीत लग्न ठरवत होते तिनं तिथंच तोंड उघडलं, आणि तुम्ही आधी तिच्या घरी जाऊन बोललात, नाही ऐकलं तेव्हा 1098 हा मुलांच्या मदतीचा नंबर लावला. ती बारावी करतेय आता.

आणि पालकसभा! ती दरवर्षी डिसेंबरात व्हायची, आणि दरवर्षी म्हणायचे या पोरांचे पालक येतच नाहीत, यांना काही पडलेली नाही. अहो येणार कुठनं, ते कर्नाटकात. तुमच्यामुळं 2024 ला ती सभा दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात झाली, गाड्या लागायच्या आधी. आई आयुष्यात पहिल्यांदा शाळेच्या खुर्चीवर बसली. कोणाचा फोन कधी लागतो, आजीच्या गोळ्या कुठून मिळतात, अडचण आली तर गावात कोणाकडं जायचं, हे सगळं तुम्ही त्यांच्याकडून लिहून घेतलंत. गोळ्या उपकेंद्रात फुकट मिळतात हे आम्हाला तिथं कळलं. म्हणजे ती पोती उतरवायचं अर्धं कारणच गेलं.

त्याला सगळ्यांसमोर ऊसतोड्याचं पोरगं म्हणून बोलणारे जे सर होते, त्यांच्याशी तुम्ही काय बोललात ते मला माहिती नाही, तुम्ही कधी सांगितलं नाहीत. पण दहावीच्या वर्षी तेच सर संध्याकाळी अभ्यासिकेत येऊन भूमिती शिकवायला लागले.

2025 ला दहावीची परीक्षा 21 फेब्रुवारीलाच सुरू झाली, नेहमीपेक्षा लवकर, आई-बाबा तेव्हा अजून फडातच. मला सुट्टी मिळाली नाही. पहिल्या पेपरला तुम्ही गेटवर उभ्या होतात, शुक्रवार म्हणजे तुमचा शाळेचाच वार, पण तुमचं त्या दिवशी दुसऱ्या गावाला ठरलेलं होतं, त्यानं सांगितलं मला. 13 मेला निकाल लागला, पास झाला. किती टक्के ते त्याला सांगायचं तेव्हा तो सांगेल. मी एवढंच सांगते की त्यानं निकालाचा पहिला फोन बाबांना केला, दुसरा तुम्हाला, तिसरा मला, आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटलं नाही.

मी दहावीत असताना हंगामाला आईबरोबर गेले होते, परत येऊन पुरवणी परीक्षेला बसले. तेव्हा मला कोणी विचारलं असतं, रात्री काय जेवलीस, तर मी काय उत्तर दिलं असतं याचा विचार करते कधी कधी.

तुमचा प्रोजेक्ट वर्षावर्षानं वाढवून मिळतो, पुढच्या वर्षी असेल की नाही याची तुम्हालाच खात्री नसते हे तुम्ही एकदा बोलून गेला होतात. हे वाचणाऱ्यांत कोणी शाळेच्या समितीवर असेल, ग्रामपंचायतीत असेल, तर हात जोडून सांगते, माध्यमिक शाळेत असं माणूस कायमचं लागतं, प्रोजेक्ट म्हणून नाही.

भाऊ अकरावीला आहे. अभ्यासिकेची दुसरी किल्ली आता त्याच्याकडं असते, नववीची नवीन पोरं येतात त्यांना तोच डबा मधे ठेवायला लावतो. आई-बाबा पाडव्याला येतील तेव्हा तुम्ही घरी यायचंय. आईनं सांगितलंय पुरण घालणार म्हणून, आणि आजी म्हणते ताईला म्हणावं मुक्कामाला ये, संध्याकाळची एसटी धरून पळू नको मागच्यासारखी.

तुमचीच,
त्याची अक्का