जेलवर पट्टी दिसली, पण प्रथिन विरघळले आहे का?

महोदय,

‘जनुक जीवाणूत घातले की हवे ते प्रथिन तयार’ असे सर्रास लिहिले जाते. दाखला हमखास १९७८च्या मानवी इन्सुलिनचा. त्या वेळीही इन्सुलिनच्या ए आणि बी या साखळ्या ई. कोलाय या जीवाणूत वेगवेगळ्या करून नंतर जोडाव्या लागल्या होत्या, हे मात्र गाळले जाते.

महाविद्यालयांतल्या प्रात्यक्षिकांत हीच घाई दिसते. ई. कोलायचा बीएल२१ (डीई३) वाण ३७ अंशांवर वाढवायचा, ओडी (पेशी वाढल्याने येणाऱ्या गढूळपणाचे माप) ०.६ झाली की जनुक चालू करणारे आयपीटीजी हे रसायन १ मिलिमोलर घालायचे, तीन तासांनी पेशी उकळून जेलवर (प्रथिने आकारानुसार पट्ट्यांत वेगळी करणाऱ्या थरावर) चढवायच्या. ठसठशीत पट्टी आली की वहीत ‘यशस्वी’! पण एसडीएस हे साबणासारखे रसायन घालून उकळल्यावर गोळा झालेले, निरुपयोगी प्रथिनही विरघळते आणि तशीच पट्टी देते. म्हणून पेशी बर्फात ठेवून सोनिकेटरने (ध्वनिलहरींनी) फोडाव्यात, ४ अंशांवर सेंट्रिफ्यूज कराव्यात आणि वरचा द्रव व तळाचा साका जेलच्या दोन शेजारच्या रांगांत चढवावा. साका खडूसारखा पांढरा आणि घट्ट असेल, तर प्रथिन बहुधा तिथेच अडकले आहे. या वाणातली जनुक वाचणारी टी७ यंत्रणा इतकी वेगवान आहे की साखळ्यांना नीट घडी घालायला सवडच मिळत नाही.

उपाय खर्चिक नाही. फ्लास्क आधी १८ अंशांपर्यंत थंड करावा, मग ०.१ ते ०.२ मिलिमोलर आयपीटीजी घालून रात्रभर हलवत ठेवावा. फ्लास्क पाव भागापेक्षा जास्त भरू नये, हवा कमी पडते. प्रथिनात डायसल्फाइड बंध (गंधकाच्या अणूंमधले दुवे) असतील तर थंडीनेही भागेलच असे नाही, कारण ई. कोलायच्या पेशीद्रवात ते सहसा जुळत नाहीत. ८ मोलर युरियात साका विरघळवता येतो, पण युरिया काढल्यावर प्रथिन पुन्हा काम करू लागेल याची खात्री नसते.

प्रथिन शुद्ध करण्याच्या निकेल स्तंभाबाबतही एक सांगायला हवे. प्रोटिएज रोधकाच्या (प्रथिने तोडणाऱ्या विकरांना रोखणाऱ्या) अनेक गोळ्यांत ईडीटीए हे धातू पकडणारे रसायन असते. ते निकेल ओढून घेते, निळसर-हिरवा स्तंभ पांढरा पडतो आणि एरवी निकेलला चिकटणारी हिस्टिडिनची शेपटी असलेले प्रथिन न चिकटता वाहून जाते. गोळी ईडीटीएविरहितच घ्यावी.

चार तासांच्या तासिकेत १८ अंशांचा प्रयोग बसत नाही. विद्यापीठांनी हे प्रात्यक्षिक दोन दिवसांत विभागावे, आणि द्रव व साका या दोन्ही रांगा दाखवल्याशिवाय गुण देऊ नयेत.

– जैवतंत्रज्ञानाचे अध्यापक, पुणे