चित्राखालची ओळ वाचायला शिकवणाऱ्या ग्रंथपाल मॅडमना

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

आपली मराठी-तेलुगू आरोग्य पुस्तिका छापून झाली. काल सोलापूरजवळच्या कुंभारीत, विडी कामगारांच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत घेऊन गेले होते. विड्या वळता वळता एका मावशींनी हात पुसले, फुप्फुसांच्या चित्रावर बोट ठेवून तेलुगूत छापलेलं ‘ऊपिरितित्तुलु’ मोठ्यानं वाचलं आणि तोच हात स्वतःच्या छातीवर ठेवला. तेव्हा तुमची फार आठवण आली. पुस्तिकेत प्रत्येक चित्रकाराचं नाव यायलाच हवं म्हणून तुम्ही हटून बसलात, स्वतःचं मात्र घालू दिलं नाहीत. म्हणून हे उघड पत्र.

तुमच्या वाचनालयात आले तेव्हा मी पुरती खचले होते. आधीच्या पुस्तिकेत नेटवर दिसली ती चित्रं उचलून छापली होती. एका चित्राच्या मालकाचं पत्र आलं आणि ३०० प्रती मागे घ्याव्या लागल्या. वर्गणीचे पैसे होते ते.

तुम्ही एका शब्दानं बोल लावला नाहीत. शेजारी खुर्ची ओढलीत, विकिमीडिया कॉमन्स हा खुल्या चित्रांचा ऑनलाइन संग्रह उघडलात आणि चित्राआधी त्याच्या खालची परवान्याची ओळ वाचायला लावलीत. ‘सीसी बाय’ (क्रिएटिव्ह कॉमन्सच्या खुल्या परवान्यांपैकी एक) असेल तर चित्रकाराचं नाव द्यायचं. पुढे ‘एसए’ असेल तर आपण बदललेलं चित्रही त्याच अटीवर इतरांना खुलं ठेवायचं. कॉमन्सबाहेरच्या संकेतस्थळांवर ‘एनसी’ही दिसायचं, म्हणजे व्यापारी वापराला बंदी. आपली पुस्तिका २० रुपयांना जाणार, तेव्हा उगाच वाद नको म्हणून ती चित्रं तुम्ही बाजूलाच काढलीत. तिथलंच ‘एनडी’, म्हणजे बदललेलं चित्र वाटायला मनाई, मात्र माझ्या डोक्यात शिरेना. श्वासनलिकेचं इतकं सुबक चित्र, तेही फुकट, मग अडचण काय? तुम्ही म्हणालात, “अहो, इंग्रजी नावं काढून मराठी-तेलुगू घालायची म्हणजे चित्र बदलणंच की! तसं बदललेलं छापता येत नाही.” मग एसव्हीजी या प्रकारच्या संगणकी फाइलींतली चित्रं दाखवलीत. त्यातली अक्षरं चित्राला धक्का न लावता बदलता येतात, हे मला तोवर माहीतच नव्हतं. सोलापूरच्या आमच्या तेलुगू बोलणाऱ्या पूर्व भागातल्या बायकांच्या हाती त्यांच्या भाषेतलं चित्र पडलं ते त्यामुळेच.

सर्व्हिए मेडिकल आर्ट हा वैद्यकीय चित्रांचा संग्रह आणि अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेचा चित्रसंग्रहही तुम्हीच दाखवलात. सीडीसीच्या संग्रहातली सगळीच चित्रं खुली नसतात, प्रत्येकाखालची टीप वाचा, हेही बजावलंत. पाठीच्या कण्यासाठी ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ या शरीररचनेवरच्या ग्रंथाच्या १९१८ च्या आवृत्तीतलं चित्र घेतलं, त्यावर आता स्वामित्वहक्क उरलेला नाही. या ग्रंथाच्या १८५८ च्या पहिल्या आवृत्तीची चित्रं काढणारे हेन्री व्हॅन्डाइक कार्टर पुढे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवायला होते, हे तुमच्याकडून ऐकल्यापासून ती जुनी रेखाटनं मला घरातल्या माणसाची वाटतात.

आणि ते उलटं चित्र! पानाची मांडणी जमावी म्हणून छापखान्यातल्या मुलानं फुप्फुसांचं चित्र आरशात दिसावं तसं फिरवलं होतं. प्रूफ मी चारदा वाचलं, तरी नजरेतून निसटलं. तुम्ही पेन्सिलीनं कप्पे मोजलेत: उजव्या फुप्फुसाला तीन, डाव्याला दोन. चित्रातला माणूस आपल्याकडे तोंड करून असतो, म्हणजे तीन कप्पे आपल्या डाव्या हाताला यायला हवेत. ते पान तसंच छापलं गेलं असतं तर आम्ही पुन्हा चुकलोच असतो.

खोकल्यानं बेजार झालेल्या एका बाईंचा मी काढलेला फोटोही तुम्ही थांबवलात. “फोटो तुमचा आहे, पण चेहरा त्यांचा आहे. त्यांना विचारलंत का?” मी विचारलं नव्हतं. नंतर गेले, त्या नको म्हणाल्या, फोटो काढून टाकला.

तुमच्यासाठी एक प्रत वाचनालयाच्या टेबलावर ठेवून आले आहे. पुढची पुस्तिका मधुमेह आणि मूत्रपिंडांवर आहे. चित्रं निवडून, प्रत्येकाखालची ओळ वहीत उतरवून शनिवारी दुपारी येते. वेळ असेल ना?

आपली,
विडी कामगार वस्तीतली एक आरोग्य कार्यकर्ती, सोलापूर