टेलरकाका, माझ्या अकराव्या बोटाचं माप

आदरणीय टेलरकाका,
साष्टांग नमस्कार.

तुम्ही मोबाइलवर काही वाचत नाही, ठाऊक आहे. नातवाला सांगून ठेवलंय, दुपारी शटर अर्धं खाली ओढलंत की तो वाचून दाखवील. पणजीतल्या प्रदर्शनात माझ्या यांत्रिक अकराव्या बोटाशेजारी, माझ्या नावाखाली ‘कलाकार आणि संशोधक’ अशी पाटी लागली. शेजारी तुमचं नाव लावते म्हटलं, तर ‘नाका गो बाय, उगाच गिऱ्हाइकं विचारीत बसतील’ म्हणून उडवून लावलंत. म्हणून नाव इथंही लिहीत नाही. पण केलंत काय, ते तरी लिहू द्या.

काकांना माहीत आहे, पण बाकीच्यांसाठी सांगते. माणसाच्या शरीरात नवी भर घालता येते का, आणि घातली तर शरीर तिला आपली म्हणतं का, हा माझा विषय. (आईच्या मते, आधी असलेली दहा बोटं घरकामात चालवावीत.) चित्रकला शिकत असताना स्टेलार्क या कलावंताचा एक फोटो पाहिला आणि त्यातच अडकले. त्यानं उजव्या हाताला यंत्राचा तिसरा हात बांधला होता. तो चालायचा पोटाच्या आणि पायाच्या स्नायूंतून येणाऱ्या विजेच्या संकेतांवर. १९८२ साली टोकियोत त्यानं तिन्ही हातांनी एकाच वेळी एक शब्द लिहिला. नंतर स्वतःच्या दंडाखाली, कोपर-मनगटाच्या मध्ये, कानही बसवून घेतला. तेवढी छाती माझी नाही. मला भावलं ते डॅनी क्लोडचं काम. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकताना २०१७ मध्ये तिनं करंगळीच्या बाजूला लावायचा जादा अंगठा केला. चालवायचा पायाच्या अंगठ्यांनी. उजवा दाबला की तो तळहातावर आडवा येतो, डावा दाबला की बोटांकडे वळतो. माझं अकरावं बोट ही सरळसरळ तिच्याकडून घेतलेली उचल आहे, हे मी कुठंच लपवत नाही.

उचल घेतली आणि गोव्यात आपटले. थ्रीडी प्रिंटरवर बोट काढलं, आतून तंगूस (नायलॉनची दोरी) ओवली, ती ओढायला छोट्या मोटरी मनगटावर बांधल्या. मे महिना. घामानं इलॅस्टिक ओलं व्हायचं, वेल्क्रोत कापसाचे धागे भरायचे, दहा मिनिटांत सगळं घरंगळून तळहातावर. एका अनुदानाच्या मुलाखतीत नेमकं तेच झालं. मी पाय दाबतेय आणि बोट मेलेल्या कोळंबीसारखं लोंबतंय. समितीतले एक गृहस्थ म्हणाले, “ज्याला हात नाही त्याला हात द्या, दहावालीला अकरावं कशाला?” प्रश्न चुकीचा नव्हता. पण उत्तर द्यायला माझं बोट तरी जागेवर हवं होतं.

तुमच्याकडे मी आले ती डिचोलीच्या बाजारातून परतताना, निव्वळ पट्टा घट्ट शिवून घ्यायला. तुम्ही पट्ट्याकडे पाहिलंच नाहीत. टेप काढलीत. दोन्ही मनगटं, मग कोपराखाली, मग दंड. वहीत लिहिलंत: डावं साडेपाच, उजवं पावणेसहा. आणि मग सांगितलंत ती हातांची गोष्ट.

शिगम्याच्या चित्ररथासाठी तुम्ही एकदा देवीचे सहा जादा हात शिवले होते. पहिल्या वर्षी ते खांद्याला टाचले, मिरवणूक अर्ध्यावर येईतो देवी वाकली. दुसऱ्या वर्षी आतून मांजरपाटाची बंडी, बंडीला कमरेशी दुहेरी पट्टी, पट्टीत वेताच्या काड्या, हात त्या काड्यांवर. भार कमरेवर आला आणि देवी पहाटेपर्यंत ताठ उभी. एवढं सांगून माझ्या मोटरींवर बोट ठेवलंत. “हें वजन मनगटार नाका. वयर घाल.”

मोटरी दंडावर गेल्या. तंगूस नळीतून खाली आणली. वेल्क्रो तुम्ही उसवून कचऱ्यात टाकलंत, त्या जागी नाडी. मनगटाचा पट्टा मांजरपाटाचा, तोही उरेबात, म्हणजे तिरका, कापलेला, कारण उरेब कापड अंगाबरोबर वळतं, सरळ कापलेलं अंगाशी भांडतं. पाच वर्षं मी या विषयावरचे शोधनिबंध वाचतेय. उरेब हा शब्द एकातही भेटला नाही.

तो भेटायला हवा होता. क्लोड आणि तिच्या सहकाऱ्यांनी तो अंगठा लंडनच्या एका विज्ञान प्रदर्शनात ५९६ लोकांना लावून पाहिला, वयं ३ ते ९६. पहिल्याच मिनिटात ९८ टक्के लोकांनी त्यानं वस्तू हलवल्या. चौघांना मात्र तो वापरताच आला नाही: कुणाच्या हातावर नीट बसेना, कुणाच्या पायाला तो ऐकेना. हे वाचून दाखवलं तेव्हा बॉबिन भरता भरता तुम्ही म्हणालात, “चौघांचं माप चुकलं.” संशोधकांचा मुद्दा खरंच तोच आहे: अशा वस्तू सगळ्या तऱ्हेच्या शरीरांवर आधीच करून पाहायला हव्यात.

आणि प्रदर्शनाचा दिवस. लोक बोट लावायचे आणि त्याच्याकडे बघत बसायचे. पाय दाबायचा, बघायचं, हसायचं. तुम्ही आलात, चप्पल काढून बोट चालवायची माझी चप्पल घातलीत, खुर्ची पुढं ओढलीत. अकराव्या बोटानं कापडाची कड धरली, मोकळ्या दहांनी सुईत दोरा ओवला. बोटाकडे एकदाही पाहिलं नाहीत, नजर सुईच्या नाकावर. चाळीसेक वर्षं पायडल मारणाऱ्या माणसाला पायानं हाताचं काम करणं नवं नव्हतंच. नवे आम्हीच होतो.

संशोधकांनी क्लोडच्या अंगठ्याच्या पाच दिवस सरावाच्या आधी आणि नंतर लोकांच्या मेंदूचे स्कॅन घेतले, तर मेंदूतली बोटांची वेगवेगळी चित्रं एकमेकांत थोडी मिसळलेली दिसली. आठवड्यानं काहीजणांना पुन्हा तपासलं तर तो बदल टिकलेला दिसला नाही. हे तुम्हाला पटलं नाही. मोतीबिंदूनंतर महिनाभर मशीन बंद होतं, तरी रात्री खाटेवर तुमचे पाय चालत होते, अशी काकींची साक्ष तुम्ही काढलीत. पाच दिवस आणि चाळीस वर्षं यांची तुलना होत नाही, असं मी म्हणाले. आता वाटतं, तीच करून बघायला हवी. पुढचं काम तेच: पायडल मारणारे शिंपी आणि न मारणारे, दोघांना एकच बोट.

जयपूर फूटची, त्या कृत्रिम पायाची, गोष्ट तुम्हाला सांगितली होती. १९६८ च्या सुमाराला तो पाय उभा राहिला, त्यामागे डॉ. सेठी आणि रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर, दोघेही होते. १९८१ चा मॅगसेसे पुरस्कार डॉक्टरांना मिळाला. तुम्ही एवढंच विचारलंत, “कारागिराक कितें मेळ्ळें?” मला उत्तर सुचलं नाही. हे पत्र त्या दिवसापासून डोक्यात आहे.

शिलाईचे पैसे तुम्ही अजून घेतलेले नाहीत. सोमवारी येते, दोन मीटर मांजरपाट आणि नाडीचं रीळ घेऊन. आधी मांजरपाट धुऊन आटवून आणीन, मागच्या वेळेसारखी बोलणी नकोत. आणि वहीतलं माझं पान दुमडून ठेवा, डाव्या हाताला बारावं घालायचंय.

तुमची,
साडेपाच-पावणेसहावाली बाय