लाल फुलदाणी घ्यायच्या आधी तिचा काठ बघा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत जुनी नाणी, पितळेची भांडी यांच्यावर येतं ते मी नेमाने वाचते, पण चिनी मातीच्या भांड्यांवर कधीच काही येत नाही म्हणून मुद्दाम लिहितेय. माझ्या आत्याने गेल्या महिन्यात एका जुन्या वस्तूंच्या दुकानातून लालभडक फुलदाणी आणली, बावीस हजार मोजून, का तर दुकानदार म्हणाला तीनशे वर्षांपूर्वीची आहे आणि खाली चिनी शिक्का पण आहे. मी हातात घेतली आणि बुडाशी नखाने जरा खरवडलं तर नेलपॉलिशसारखी पापडी निघाली. ऑइलपेंट! आत्या काही बोलली नाही, नुसती बघत राहिली, एफडीच्या व्याजाचे पैसे होते ते.

खरा लाल वरून फासलेला नसतो हो. ग्लेझमध्येच, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या चकचकीत थरातच, तांबं असतं, तेही अगदी चिमूटभर, एक टक्क्याच्याही आत, आणि भट्टी जवळजवळ तेराशे डिग्रीला नेऊन आत हवा कमी ठेवतात तेव्हा कुठे लाल उतरतो. हवा जास्त शिरली की हिरवट होतो, तांबं उडून गेलं तर रंगच जातो. म्हणूनच चीनमध्ये जिंगदेझनच्या कारागिरांना १५व्या शतकाच्या सुरुवातीला, मिंग बादशहांच्या काळात, हे छान जमलं होतं आणि नंतर जवळपास हातचं गेलं, ते परत नीट जमलं थेट कांगशी बादशहाच्या वेळी (१६६२ ते १७२२). त्यातल्या एका लालाला 'लांगयाओ' म्हणतात, १७०५ ते १७१२ तिथल्या जिआंगशी प्रांताचा गव्हर्नर असलेल्या लांग थिंगजीच्या नावावरून. दुसऱ्याचं चिनी नाव तर चवळीवरून आहे, चवळीच्या शेंगेसारखा लाल, मधेच हिरवे ठिपके. मला हाच जास्त आवडतो, कारण भट्टीत काय घडलं ते त्या ठिपक्यांत दिसतं.

आता बघायचं काय, तर काठ. ग्लेझ वितळून खाली ओघळतं म्हणून लांगयाओच्या तोंडाशी पांढरी कड राहते आणि खाली रंग गडद होतो. काठापासून बुडापर्यंत एकसारखा लाल असेल तर शंका घ्या. पण नुसत्या पांढऱ्या कडेवर पण जाऊ नका, तशी नवीन भांडी आजही बनतात, आणि शिक्का तर कोणीही मारतो, जुन्या बादशहांचे शिक्के चीनमध्येच नंतरच्या मालावर सर्रास मारलेत. उलट जुन्या लांगयाओवर बहुतेक वेळा शिक्का नसतोच.

आपल्या मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटांच्या संग्रहातली चिनी भांडी आहेत. अस्सल ग्लेझ कसं दिसतं, त्याला खोली कशी असते हे तिथे काचेबाहेरून का होईना डोळ्यात भरून घेता येतं, पैसे मोजायच्या आधी एक चक्कर माराच. आणि तुम्हाला विनंती, जाणकारांकडून यावर मराठीत दोन-तीन लेख लिहून घ्या, काठ, बूड, शिक्का यांचे मोठे फोटो टाकून. पहिलं कात्रण मी आत्याला नेऊन देईन.

आपली,
एक वाचक, गिरगाव