मातीचे मावळे जपायला लावणाऱ्या नानांना

ती. नाना यांस,
सा. न. वि. वि.

पत्र सरळ पोस्टानं पाठवलं असतं. पण गेली दोन वर्षं आमच्या सोसायटीच्या गच्चीवर ज्या लढाया चालल्यात त्यांचं मूळ तुमच्या अंगणात आहे, हे इथल्या चार लोकांनाही कळावं असं वाटलं, म्हणून हे उघडं पत्र. असलं कौतुक तुम्हाला चालत नाही, ठाऊक आहे. तरी वाचा, कारण शेवटी एक निवाडा मागायचाय.

आम्ही तेव्हा पाचवी-सहावीतली पोरं. दिवाळीचा किल्ला तुमच्याकडे करायचो, कारण फरशी न घातलेलं अंगण गल्लीत तेवढं तुमचंच उरलं होतं. दगड-विटा रचायच्या, पोतं चिखलात बुचकळून वर टाकायचं, हळीव पेरायचे, महाराजांना सिंहासनावर बसवायचं आणि कुंभारवाड्यातून आणलेले मावळे पायऱ्यापायऱ्यांवर उभे करायचे. झाला किल्ला. मग येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारून दाखवायचा. त्या वर्षी तुम्ही हातात कपबशी घेऊन आलात, किल्ल्याभोवती एक फेरी मारलीत आणि म्हणालात, "छान मांडलंय. आता लढणार कधी?"

आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. मावळे लढवायचे असतात हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही तोफ आणलीत. बोटभर पितळी नळी, आत बॉलपेनची स्प्रिंग, मागे खटका आणि तोंड वरखाली करायला एक स्क्रू. गोळा म्हणजे खराट्याच्या काडीचा इंचभर तुकडा. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात जन्म काढलेला माणूस निवृत्तीनंतर एवढीशी तोफ करतो, याची गंमत मला आत्ता कळते. सोबत एक दोनशे पानी वही, तुमच्या अक्षरात उतरवलेल्या नियमांची. पायदळानं एका खेपेला एक फूट चालायचं, घोडदळानं दोन. तोफेच्या सहा इंचांच्या आत आपली चार माणसं नसतील तर ती हलणारही नाही आणि उडणारही नाही. एका खेपेत एक तर ती हलवायची, नाहीतर डागायची, तीही फार तर चार वेळा. तीस माणसं हलवायला एक मिनिट. घड्याळ संपलं की हात वर.

हे नियम तुमचे नव्हेत, एच. जी. वेल्सचे, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. मंगळावरून आलेल्या स्वारीची गोष्ट लिहिणारा हा गृहस्थ मोठमोठ्या मित्रांना घेऊन जमिनीवर लोळत शिशाचे सैनिक लढवायचा, आणि १९१३ साली त्यानं 'लिटल वॉर्स' नावाचं नियमांचं पुस्तकच काढलं. पुढच्याच वर्षी खरं महायुद्ध पेटलं. त्याच्याकडची स्प्रिंगची तोफ नऊ यार्डांवरून दहातले नऊ सैनिक पाडायची, असं तो सांगतो. आपली सहा फुटांवरून तीन पाडायची, तेही वारा नसला तर. पण वेल्सच्या सैन्यात आणि आपल्या सैन्यात खरा फरक तोफेचा नव्हताच. त्याचे सैनिक शिशाचे. पडले की उचलून पुन्हा उभे. आपले मावळे मातीचे.

तुम्ही मुद्दामच तशी वाटणी केली होती का? बंड्याला जुन्या बाजारातले हिरवे प्लास्टिकचे साठ सैनिक, बंदुका रोखलेले, जे मोगल आहेत असं मानायचं. मला बावीस मावळे. बंड्याचा माणूस पडला की टपकन आवाज, संध्याकाळी पुन्हा पेटीत. माझा पडला की मान वेगळी, ढाल वेगळी. फेविकॉल लावून वाळायला रात्र जायची, म्हणजे त्या दिवसापुरता तो गेलाच. पहिल्या दिवशी मी "हर हर महादेव" म्हणत सगळे एकदम उतारावरून खाली सोडले. नऊ फुटले. तुम्ही काही बोलला नाहीत. तुकडे एका बशीत गोळा केलेत, बशी माझ्यापुढे ठेवलीत आणि म्हणालात, "मोज." नवांतल्या चौघांना जोडण्यासारखं काही उरलं नव्हतं. पगडीचा एक केशरी कपचा अजून डोळ्यांसमोर आहे.

मग तुम्ही उंबरखिंडीची लढाई सांगितलीत. पुण्यात शाहिस्तेखान तळ ठोकून बसलेला. त्यानं आपल्या सरदाराला, कारतलबखानाला, कोकणात धाडलं. खान कुरवंडे घाटानं खाली उतरला आणि २ फेब्रुवारी १६६१ ला त्या अरुंद, दाट रानाच्या वाटेत अडकला. पुढं-मागं मावळे, मध्ये एवढी मोठी फौज, आणि तिला वळायलाही जागा नाही. शेवटी सोबतच्या रायबागन या मोगलांच्या स्त्री सरदारानं शरण जायचा सल्ला दिला आणि सामानसुमान, खंडणी देऊन खान सुटला. शाळेत हा धडा दोन ओळींत संपला होता. तुम्ही आम्हाला अंगणात पालथं झोपवलंत. डोळा मावळ्याच्या डोळ्याच्या पातळीला आणा, म्हणालात. वरून उघडंबोडकं दिसणारं अंगण खालून वेगळंच निघालं. विटेमागे तिघं मावत होते. बागेच्या पाटाची कड म्हणजे दरड. आणि भाऊबीज उलटून गेल्यामुळे हळीव अडीच-तीन इंच वाढलेले, त्यात उभा केलेला मावळा बंड्याला दिसतच नव्हता.

त्या सकाळी माझा एकही मावळा फुटला नाही. कुंड्यांची रांग आणि किल्ल्याचा उतार यांच्यामध्ये बंड्याची फौज लांबलचक झाली, पुढच्या तुकडीला मागची मदत पोचेना. एकट्या पडलेल्या तुकडीला मोठ्या जमावानं गाठलं की उरलेले कैदी, हा वेल्सचा नियम, आणि बंड्याचे एकेचाळीस सैनिक कैद होऊन काकूंच्या परातीत गेले. (काकूंची शेवंती त्या मोहिमेत आडवी झाली. त्याचा दोष इतकी वर्षं मांजरावर होता. मीच तो, काकू.)

एक प्रसंग तुम्हाला आठवतो का बघा. अंतर मोजायला फुटाफुटावर गाठी मारलेली सुतळी होती. ती रात्रभर दवात पडली आणि मोजताना बंड्या ओरडला की आपला एक फूट आज कमी भरतोय. मी म्हटलं, हरतोय म्हणून रडतोय. तुम्ही घरातून पट्टी आणलीत. सुतळी भिजून आखडली होती, फुटामागे जवळजवळ पाऊण इंच. ती मोहीम तुम्ही पहिल्या खेपेपासून पुन्हा खेळायला लावलीत, मी जिंकत असताना. तेव्हा मी तुमच्यावर दोन दिवस रुसलो होतो. आता पोरांचे तंटे सोडवताना माझ्याही खिशात पट्टी असते.

आमच्या गच्चीवर माती नाही. सिमेंटच्या गोण्यांत भरून आणतो, चौथ्या मजल्यावर, लिफ्टमध्ये सांडते, सेक्रेटरी बोलतात. कुंड्या आहेत, हळीव आहेत. तुमची तोफ आहे. तुम्ही लेकीकडे नाशिकला राहायला जाताना ती वहीसकट माझ्या हातात ठेवलीत. त्यासाठी आभार. अंगणासाठी, कपबशीतल्या बशीसाठी आणि चार दिवस अंगणभर लोळणाऱ्या सात पोरांना एकदाही "कपडे खराब होतील" न म्हटल्याबद्दल काकूंचेही आभार.

आता निवाडा. परवा माझ्या मुलीच्या मावळ्याला काडी लागली. तो कलंडला, पण हळिवाच्या दांड्यांवर टेकून तिरका राहिला, जमिनीला टेकला नाही. वेल्सच्या हिशोबानं काडी लागली की मेला, पडो न पडो. मुलगी म्हणते, रानानं झेलला तर तो जगला, आणि हा नाना आजोबांचा नियम असल्याचं तिला मीच सांगितलंय. वहीत तो सापडत नाही. तुम्ही खरंच तसा नियम केला होता, की त्या दिवशी मी रडत होतो म्हणून तेवढ्यापुरतं सोडलं होतं?

लवकर कळवा. कुणी कुणाला हात लावू देत नाहीये, मावळा तसाच तिरका आहे, आणि हळीव रोज वाढताहेत.

तुमचा,
कोपऱ्यावरच्या घरातला धाकटा