शिसे गेले, बेंझिनचे काय?

इथेनॉलमिश्रित पेट्रोलवरील आपला अग्रलेख वाचला. मायलेज घटण्याची आणि रबरी नळ्या खराब होण्याची त्यातली काळजी रास्त आहे. पण इंधनाचा श्वासाशी असलेला संबंध त्यात आलाच नाही. मुलांच्या मेंदूला इजा करणारे शिसे १ फेब्रुवारी २००० पासून देशभरातील पेट्रोलमधून हद्दपार झाले. ते घालत ऑक्टेन, म्हणजे इंजिनात अवेळी पेट न घेण्याची पेट्रोलची क्षमता, वाढवण्यासाठी. ती उणीव बऱ्याच अंशी अॅरोमॅटिक घटकांनी, म्हणजे वलयाकार रेणूंच्या हायड्रोकार्बननी, भरून काढली. त्यांतल्या बेंझिनमुळे रक्ताचा कर्करोग होतो, हे सिद्ध झालेले आहे.

आमच्या कोपऱ्यावरच्या पंपावर नोझल आपोआप थांबले तरी 'राउंड फिगर'साठी पोरगा टाकीवर वाकून आणखी थोडे पेट्रोल सोडतो. तोंडाला रुमाल असतो, पण रुमालाने बेंझिनची वाफ थोडीच अडते! आपण तो वास दोन मिनिटे घेतो, तो पोरगा दिवसभर.

आपल्याकडे बेंझिनची मर्यादा १ टक्का आहे. अमेरिकेने २०११ पासून वार्षिक सरासरी ०.६२ टक्क्यावर आणली. इथेनॉलने ऑक्टेन वाढतेच, तर ती सवलत बेंझिन कमी करण्यासाठी वापरावी. वीस टक्के इथेनॉल स्वीकारणाऱ्या ग्राहकाला एवढे मागण्याचा हक्क नक्कीच आहे.

– एक वाचक, ठाणे