सातवा नियम आणि चार तटस्थ

प्रिय बंड्या,

आईची साखर आटोक्यात, माझी पाठ आहे तशीच. तब्येतीचं संपलं.

उमेदवार पारखून पाठिंबा देणाऱ्या आपल्या मंचाचा, तू लिहिलेला सातवा नियम काल रात्री उसवला. नगराध्यक्षपदाला कोणाला पाठिंबा द्यायचा यावर मतदान झालं. हजर ३१. डॉक्टरबाईंच्या बाजूने १९, 'कोणालाच नको' म्हणणारे ८, तटस्थ ४. नियम म्हणतो दोन तृतीयांश हवेत. हजर असलेल्यांचे धरले तर २१ लागतात, बाई पडल्या. मत देणाऱ्या २७ जणांचे धरले तर १८ पुरे, बाई आल्या. मास्तरांनी दोन्ही गणितं फळ्यावर मांडली आणि चष्मा काढून खिशात ठेवला. बैठक लांबणार हे तिथेच कळलं.

आता गंमत बघ. चौघांपैकी तिघे मोजणीआधी चहाला सटकले असते तर हजर २८ आणि १९ बरोब्बर बसले असते. तीन कटिंगवर नगराध्यक्ष अडलाय! त्या चौघांतल्या एकाचा जावई समोरच्या पॅनेलमधून उभा आहे आणि दुसऱ्याकडे त्याच पॅनेलच्या मंडपाचं काम. नातेवाईक उमेदवार असेल तर सभासदाने बाहेर बसावं हे तू लिहिलंस, धंद्याचं लिहायला विसरलास. आणि जावईवाले तात्या तरी कुठे उठले? "मी ऐकायला बसलोय" म्हणाले. दोघांनाही वगळलं तरी हजर २९, लागतात २०. एक कमीच.

हा वाद आपण ओट्यावर पुरेसा घातलाय. तू म्हणायचास, येऊन गप्प बसणं हाही नकारच. मी म्हणायचो, ज्याला मत द्यायचं नाही त्याला मोजू नका. शेवटी तू असं वाक्य लिहिलंस की दोघांनाही आपणच जिंकलो असं वाटावं, आणि बदली घेऊन पुण्याला गेलास.

बाकीचे नियम मात्र टिकले, हे कबूल करतो. सभासद होऊन ९० दिवस झाल्याशिवाय मत नाही, या तुझ्या अटीला तेव्हा मी किरकिऱ्या कारकुनीपणा म्हणालो होतो. यंदा अर्ज भरायच्या आठवड्यात एकाच वाडीतून ढीगभर पावत्या फाडल्या गेल्या, एकाच पेनाने भरलेल्या. त्यातल्या एकालाही मत नव्हतं. मुलाखतीही नीट झाल्या. सगळ्यांना तेच प्रश्न, तेवढाच वेळ, उत्तरं लेखी. माजी नगरसेवकांना "काय करणार" हे विचारलंच नाही. सर्वसाधारण सभेची इतिवृत्तं काढली आणि कचऱ्याच्या ठेक्याला मुदतवाढ देताना विरोध नोंदवला का, एवढंच विचारलं. बहुतेकांना तो ठराव कधी झाला हेच आठवेना. शपथपत्रं वकीलसाहेबांनी वाचली: गुन्हे, मालमत्ता, थकबाकी आणि १२ सप्टेंबर २००१ नंतरच्या अपत्यांचा रकाना. तो रकाना वाचताना ते दरवेळी घसा खाकरतात.

घाई का, ते सांगतो. माघार शुक्रवारी दुपारी तीनपर्यंत. आणखी दोन अपक्ष बाईंचीच मतं खाणार आहेत. मंचाचा ठराव हातात असेल तर त्यातला एक तरी मागे घेईल. तीन वाजून गेल्यावर तो मनाने बाईंकडे आला तरी नाव मशीनवर राहणारच आणि शे-दोनशे मतं नेणारच. विशेष सभेला तीन दिवसांची नोटीस लागते, म्हणजे ती शनिवारशिवाय होत नाही. शनिवारच्या पाठिंब्याला वरातीमागून घोडं म्हणायचं.

पत्रकाचं वेगळं. चिन्ह माघारीनंतरच मिळणार, म्हणून छपाई थांबवलीय. पक्याला मात्र आजच हजार प्रती हव्यात, "चिन्हाची जागा मोकळी सोडू, मागनं शिक्का मारू". त्याला सांगितलं, उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय त्याच्या प्रचारावर खर्च केला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १७६ लागतं, दंड दहा हजारांपर्यंत. जुन्या दंडविधानात तो पाचशे होता, त्यामुळे पक्या अजून पाचशेच्याच तयारीत आहे. शिवाय तो खर्च बाईंच्या हिशेबात दाखवावा लागेल. आणि वाचनालयाच्या लेटरहेडवर काही छापू नका, असं दोनदा बजावलंय. वाचनालय सार्वजनिक न्यास आहे, त्याला यात ओढलं तर निवडणूक संपेल पण धर्मादाय कार्यालयाचे खेटे संपणार नाहीत.

प्रभागांचं तर विचारूच नको. एका प्रभागात दोन जागा, वर नगराध्यक्ष, म्हणजे मतदाराची तीन मतं. आपण 'अ' जागेला एका पॅनेलची उमेदवार आणि 'ब' जागेला एक अपक्ष असं ठरवलं, तर पॅनेलवाले म्हणतात, दोघांना द्या नाहीतर कोणालाच नको. मतदाराला तीन बटणं, तीन वेगळी चिन्हं समजावताना आपल्याच सभासदांचा घोळ होतो. मावशींनी नमुना मशीनवर एकच बटण दाबलं आणि शिटी का वाजत नाही म्हणून ताटकळल्या.

त्यात समोरच्यांचा निरोप आलाय: पाठिंबा द्या, मंचाचा एक माणूस स्वीकृत सदस्य, म्हणजे निवडून न येता नेमलेला नगरसेवक, करतो. आपल्या २४ च्या नगरपरिषदेत दहा टक्क्यांनी स्वीकृत दोन, आणि त्यांना सभागृहात मताचा अधिकार नाही. बिनमताच्या खुर्चीसाठी चौघांचे डोळे चमकले. तेच चौघे, बरं का.

म्हणून तुझ्या मागे लागलोय. नियमावली मंजूर झालेल्या सभेचं इतिवृत्त तुझ्या हातचं आहे. त्यात 'तटस्थ' मोजायचे की नाही यावर चर्चा नोंदवली असेल, तर मास्तर ती मान्य करतील आणि तात्यांनाही गप्प बसावं लागेल. आणि निकाल तुझ्या बाजूने लागला, म्हणजे बाई पडल्या, तरी पान पाठव. मी फाडणार नाही. चहावाल्याची शपथ.

वहिनींना नमस्कार. फ्लॅटचा ताबा मिळाला का? धाकटीच्या बारावीचं कळव.

पानाचा फोटो गुरुवारी रात्रीपर्यंत हवा, सही आणि तारीख दिसेल असा. वकीलसाहेब अर्धवट पान धरत नाहीत.

तुझा,
दिन्या